सायपानमधे बाहेरचे लोक निम्म्याहून जास्त कसे झाले

नॉर्दर्न मरियाना म्हणजे पॅसिफिकमधली अमेरिकेच्या ताब्यातली बेटं, गुआमच्या वरच्या बाजूला, आणि जवळपास सगळी वस्ती सायपानवर. १९८० च्या जनगणनेत इथे १६,७८० लोक होते आणि २००० मधे ६९,२२१, म्हणजे वीस वर्षांत चौपट! एवढी पोरं काय घरात जन्मली नाहीत, त्यातले निम्म्याहून जास्त लोक परदेशात जन्मलेले, मुख्यतः फिलिपिन्स आणि चीनमधले.

तसं बेटाला हे नवीन नाही. स्पेननी १८९९ मधे ही बेटं जर्मनीला विकली, १९१४ मधे जपाननी घेतली आणि मग उसाची शेती आणि साखर कारखान्यासाठी ओकिनावाहून एवढी माणसं आणली की मूळचे चामोरो आणि कॅरोलिनियन आपल्याच बेटावर मूठभर उरले. १९४४ मधे अमेरिका-जपान लढाई झाली, बेट अमेरिकेच्या हातात गेलं, उरलेल्या जपान्यांना १९४६ मधे परत पाठवलं, आणि परदेशी लोकांचा आकडा एकदम खाली.

दुसरी लाट मात्र पूर्णपणे कायद्याच्या फटीतून आली. अमेरिकेशी १९७६ मधे जो करार झाला त्यात इमिग्रेशन आणि किमान वेतन दोन्ही स्थानिक सरकारच्या हातात राहिलं, वर इथून अमेरिकेत जाणाऱ्या कपड्यांवर ना ड्युटी ना कोटा (म्हणजे किती माल पाठवायचा याची मर्यादा). मग काय, १९८० च्या दशकात गारमेंट फॅक्टऱ्या सुरू झाल्या आणि पुढे तीसच्या वर गेल्या. कापड बाहेरचं, शिवणारी बाई चीनमधून आलेली, बहुतेक वेळा एजंटला द्यायला कर्ज काढून, पगार तासाला ३.०५ डॉलर, राहायला कंपनीची बराक, आणि कॉलरच्या आतल्या लेबलवर काय तर 'मेड इन यूएसए'. मला विचाराल तर या सगळ्या भानगडीचा पुरावा म्हणून ते लेबल एकटंच पुरे. १९९९ मधे यावरून अमेरिकेत मोठे खटलेही झाले.

२००५ च्या सुरुवातीला जगभरातले कापडाचे कोटे उठले आणि सायपानचा फायदाच संपला, २००७ पासून किमान वेतनही वाढायला लागलं, २००९ पर्यंत शेवटची फॅक्टरी बंद. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला इमिग्रेशनही वॉशिंग्टननी आपल्याकडे घेतलं. २०२० ची लोकसंख्या ४७,३२९.

टक्केवारी वाचताना एक गोष्ट हमखास सुटते. इथे जन्मलेलं मूल अमेरिकन नागरिक, म्हणजे आईबाप दोघं फिलिपिनो असले तरी पोरगं 'परदेशात जन्मलेले' या रकान्यात येतच नाही. पण जमीन? ती कायमची मालकी फक्त मूळ वंशाच्या लोकांनाच, इथल्या राज्यघटनेच्या १२ व्या कलमात तसं लिहिलंय, त्यामुळे हेच पोरगं नागरिक असूनही इथे प्लॉट घेऊ शकत नाही, फार तर लीजवर मिळेल.

आता हॉटेलं आणि बांधकाम जे परदेशी कामगार चालवतात त्यांच्यासाठी सीडब्ल्यू नावाचा वेगळा व्हिसा आहे. २०१८ च्या कायद्याने २०१९ साठी १३,००० ची मर्यादा घातली, दरवर्षी ५०० कमी करायचे, आणि २०२९ अखेर ही सोय बंद.