पूल हलतोय? हलू दे, पण मोजा

ट्रक गेला की पूल हलतो, कोणीतरी व्हिडिओ काढतं आणि लगेच घबराट, आता हा पडणार. अहो, पूल हलायलाच हवा, न हलणारा पूल जगात नाही! बघायचं असतं ते हे की तो सेकंदाला किती वेळा हलतोय आणि तो आकडा पूर्वीइतकाच आहे का. माठ घेताना टिचकी मारतो ना आपण, चिरलेला माठ बद्द वाजतो, तसंच. ताठपणाला वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढा, पुलाची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती वेळा हलतो तो आकडा, त्या प्रमाणात असते. तडा गेला किंवा पायाखालची माती वाहून गेली की ताठपणा कमी होतो आणि फ्रिक्वेन्सी घसरते. "पुलाला बळी लागतो" ही अफवा आजही कुठे कुठे उठते, पुलाला बळी नको, तपासणी हवी.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. पूल एकाच वेळी अनेक तऱ्हांनी हलत असतो, प्रत्येक तऱ्हेला मोड म्हणतात. दोन्ही टोकांना टेकलेल्या साध्या एका गाळ्याच्या पुलात पहिल्या मोडला मधला भाग सगळ्यात जास्त वरखाली होतो. दुसऱ्या मोडला अर्धा पूल वर तेव्हा उरलेला अर्धा खाली, आणि बरोब्बर मधला बिंदू ढिम्म! म्हणजे हलणं मोजणारा सेन्सर मधोमध चिकटवला तर दुसरा मोड त्याला दिसणारच नाही. शिवाय फ्रिक्वेन्सी फक्त एवढंच सांगते की काहीतरी बिघडलंय, कुठे बिघडलंय ते मोडच्या आकारावरून शोधावं लागतं, आणि आकार नीट काढायचा तर खूप ठिकाणी मोजायला हवं, म्हणजे खूप सेन्सर, खूप वायरी, खूप खर्च.

अमेरिकेत जॉर्जिया टेक या विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 च्या सुमारास यावर भारी उपाय काढला, सेन्सरलाच चालायला लावलं. दोन चिमुकल्या गाड्या, चाकांत मॅग्नेट, त्यामुळे स्टीलला चिकटून चालतात, आणि दोन्ही गाड्यांना जोडणारी एक लवचिक पट्टी, तिच्या मध्यावर अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे हलणं मोजणारा सेन्सर. ठरलेल्या जागी आलं की गाड्या एकमेकींकडे सरकतात, पट्टी वाकते आणि सेन्सर स्टीलवर घट्ट दाबला जातो. मोजून झालं की गाड्या लांब होतात, पट्टी सरळ, सेन्सर उचलला, चला पुढे. हा दाब महत्त्वाचा, कारण सैल सेन्सर स्वतःच थरथरतो आणि पुलाचं हलणं त्यात हरवतं. असे चार रोबो त्यांनी कॅम्पसमधल्या पादचारी पुलावर फिरवले. वेगवेगळ्या वेळची मापं जुळवायला अशा कामात साधारणपणे एक सेन्सर एकाच जागी ठेवतात आणि बाकीच्यांची मापं त्याच्या तुलनेत काढतात.

पण रोबो आला म्हणजे पूल कधी पडणार ते कळेल, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्वित्झर्लंडमधला झेड24 पूल 1998 मध्ये पाडण्याआधी जवळजवळ वर्षभर मोजला होता, तेव्हा थंडीत डांबर गोठून कडक झालं की फ्रिक्वेन्सी चक्क वाढायची. म्हणजे तापमानाचा परिणाम आधी वजा केला नाही तर खरा बिघाड त्याखाली झाकला जाऊ शकतो.

आणि मॅग्नेटची चाकं काँक्रीटला चिकटत नाहीत, आपल्याकडचे रस्त्यावरचे बहुतेक पूल तर काँक्रीटचे. तिथे दुसरी वाट आहे, मोबाइलची, त्यातही अ‍ॅक्सेलरोमीटर असतोच. 2022 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या गटाने सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून जाणाऱ्या गाड्यांमधल्या फोनचा डेटा वापरला, स्वतःच्या 102 फेऱ्या आणि उबर चालकांच्या 72, आणि पुलावर बसवलेल्या 240 सेन्सरशी ताडून पाहिलं तर मुख्य फ्रिक्वेन्सी छान जुळल्या.