कटिंगच्या दुकानातली सुलटी अक्षरं

शहापुरात आमच्या घराजवळ कटिंगचं एक दुकान आहे, समोरासमोर दोन मोठे आरसे लावलेलं. गणपतीच्या आदल्या दिवशी तिथे नंबर लावून बसलो होतो. मंडळाचा टी-शर्ट घातलेला एक पोरगा आरशासमोर भांग पाडत होता. छातीवर आणि पाठीवर मंडळाचं नाव. आरशात छातीवरचं नाव उलटं दिसत होतं, ते ठीकच. पण त्याच आरशात, थोडी मागे, त्याची पाठही दिसत होती आणि तिच्यावरचं नाव चक्क सुलटं!

सगळा खेळ उड्यांचा. छातीवरून निघालेला प्रकाश समोरच्या आरशावर एकदाच आपटून डोळ्यात येतो. पाठीवरचा आधी मागच्या आरशावर आपटतो, मग समोरच्या. पहिल्या उडीत अक्षरं उलटतात, दुसरीत पुन्हा सुलटी होतात. त्याच्याही मागे परत छाती. तिथे तीन उड्या, म्हणून परत उलटं.

ही रांग कागदावर अनंत, दुकानात नाही. आरसा दर उडीला नव्वद टक्के प्रकाश परतवतो असं धरलं, तर दहा उड्यांनंतर जेमतेम 35 टक्के उरतो, वीसनंतर 12. शिवाय काचेतल्या लोखंडाच्या अंशामुळे लाल-निळा प्रकाश हिरव्यापेक्षा जास्त गिळला जातो, म्हणून लांबची पोरं हिरवट दिसतात. (आपण ‘आरशाचा पारा उडाला’ म्हणतो खरं, पण हल्लीच्या आरशामागे चांदी किंवा ॲल्युमिनियम असतं.)

घरी करायचं तर दोन छोटे आरसे घ्या, कडांना चिकटपट्टी लावा आणि मागून जोडून पुस्तकासारखे उभे करा. मध्ये कुंद्याचा (आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईचा) तुकडा ठेवा. कंपासपेटीतल्या कोनमापकावर 90 अंश ठेवले की तीन प्रतिमा, 60 ला पाच, 45 ला सात. 360 ला कोनाने भागून एक वजा करायचा. पण 72 अंशांवर सूत्र चार म्हणतं आणि तुकडा मधोमध नसेल तर पाचवीही डोकावते. पोरांना हे आधी सांगू नका, भांडू द्या.

आता कोन बरोबर 90 करा आणि जोडाची रेघ नाकावर येईल असं बघा. समोरचा चेहरा दोन उड्यांचा आहे. उजवा डोळा मिचकावला तर त्याचाही उजवाच मिटतो. जग आपल्याला बघतं तसे आपण. या आरशात भांग पाडायला गेलो, तर कंगवा तीनदा भलत्याच बाजूला गेला.