झूम जास्त म्हणजे नेम अचूक?

"पॉइंट टू-टू रायफलवर जितक्या जास्त झूमचा स्कोप, तितका नेम अचूक," हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतं आहे. (पॉइंट टू-टू म्हणजे ०.२२ इंची, लहान काडतुसाची रायफल; स्कोप म्हणजे तिच्यावरची नेम धरायची दुर्बीण.) ते पटणं साहजिक आहे, कारण लक्ष्य मोठं दिसलं की विश्वास वाढतो. पण झूमने हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. रायफलची अचूकता मात्र होती तेवढीच राहते.

या रायफलसाठी खरा प्रश्न पॅरॅलॅक्सचा आहे, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर (स्कोपमधली नेम धरायची फुली) लक्ष्यावरून सरकण्याचा. मोठ्या काडतुसांच्या रायफलींचे, जुळवणी बदलता न येणारे स्कोप बहुधा १०० यार्डांवर जुळवलेले असतात, म्हणजे त्या अंतराला पॅरॅलॅक्स राहत नाही. रिमफायरचे, म्हणजे पॉइंट टू-टूसारख्या लहान काडतुसांच्या रायफलींचे, साधारण ५० यार्डांवर. लक्ष्य त्याहून जवळ असेल, तर डोळा मध्यापासून ढळताच क्रॉसहेअरही लक्ष्यावरून सरकते. किती? पुढच्या भिंगाची त्रिज्या गुणिले अंतरांतला फरक, भागिले जुळवणीचं अंतर. भिंग ४० मिलिमीटरचं, जुळवणी १०० यार्डांची आणि लक्ष्य २५ यार्डांवर असेल, तर २० × ७५ ÷ १०० = १५ मिलिमीटर. ही जास्तीत जास्त चूक, पण लहानशा लक्ष्यासाठी ती फार झाली. या हिशेबात झूम कुठेच येत नाही.

स्वतः पडताळता येतं. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, रेंजवर सुरक्षित दिशेने वाळूच्या पिशव्यांवर पक्की टेकवा. आता तिला स्पर्श न करता स्कोपमधून पाहत डोकं हळूहळू वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर कागदावर फिरलं, तर त्या अंतराला पॅरॅलॅक्स आहे.

म्हणून मी झूमच्या आकड्याआधी जुळवणीचं अंतर पाहतो. ते बदलता येणारा स्कोप मिळाला तर उत्तमच. नाहीतर गाल दर वेळी कुंद्यावर एकाच जागी टेकवायचा.