कोंबडी : माणसाळणे आणि जनुकीय विविधता

आग्नेय आशियातील तांबड्या रानकोंबड्यापासून माणसाळलेला पक्षी. शास्त्रीय नाव गॅलस गॅलस डोमेस्टिकस. जगात कोणत्याही वेळी वीस अब्जांहून अधिक कोंबड्या जिवंत असतात. दुसरा कोणताही पाळीव पक्षी या संख्येच्या जवळपासही येत नाही. मात्र एवढ्या संख्येवरून जनुकीय विविधतेचा, म्हणजे एकाच जनुकाची किती निरनिराळी रूपे समूहात टिकून आहेत याचा, अंदाज बांधता येत नाही. फार्मवरच्या कोट्यवधी कोंबड्या मोजक्या पैदास-कुळांतून आलेल्या असतात. विविधतेचा मोठा साठा आहे तो गावोगावच्या खुराड्यांत आणि रानात.

रानकोंबड्यांचे चार प्रकार आहेत. तांबडा रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य व पूर्व भारतातील सालवनांपर्यंत आणि पुढे म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन व इंडोनेशियापर्यंत आढळतो. धूसर रानकोंबडा भारताबाहेर कोठेही नाही. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे तुटक, घोगरी बांग ऐकू येते ती त्याची. श्रीलंकेचा आणि जावा-बालीचा हिरवा हे उरलेले दोन. महाराष्ट्रात सह्याद्रीत धूसर आणि पूर्व विदर्भात तांबडा असे दोन प्रकार आहेत. त्यांपैकी धूसराला कोंबडीच्या इतिहासात अनपेक्षित स्थान आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

उगम

सर्व पाळीव कोंबड्यांचा पूर्वज तांबडा रानकोंबडाच, असे चार्ल्स डार्विनने १८६८ मध्ये मांडले होते. १९९४ मध्ये जपानचे राजपुत्र फुमिहितो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायटोकॉन्ड्रियातील, म्हणजे पेशीच्या ऊर्जा-घटकातला व फक्त आईकडून येणारा, डीएनए तपासून उगमासाठी थायलंडकडे बोट दाखवले. २०२० मध्ये ८६३ पक्ष्यांच्या जीनोमची, म्हणजे संपूर्ण डीएनएची, तुलना प्रसिद्ध झाली. तांबड्याच्या पाच उपजातींपैकी स्पॅडिसियस ही पाळीव कोंबडीला सर्वांत जवळची, असे त्यातून दिसले. तिचा प्रदेश नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार. तिथून कोंबडी जिथे जिथे गेली तिथे स्थानिक रानकोंबड्यांशी तिचा संकर होत राहिला. भारतातल्या कोंबड्यांत इथल्या मुर्घी या उपजातीचा अंश आहे तो याच कारणाने.

काळ किती जुना, यावर मतभेद बरेच झाले. सिंधू खोऱ्यात चार हजार वर्षांपूर्वी, उत्तर चीनमध्ये तर त्याहून कितीतरी आधी कोंबडी पाळली जात होती, असे दावे होते. अडचण हाडांची आहे. कोंबडीची हाडे लहान व हलकी असतात, उंदीर-घुशींच्या बिळांतून वरच्या थरातून खालच्या थरात सहज जातात, आणि तितर किंवा फेझंटच्या हाडांशी त्यांची गल्लत होते. २०२२ मध्ये ८९ देशांतील सहाशेहून अधिक उत्खनन-स्थळांच्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या. निःसंशय पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधील बान नॉन वाट येथील ठरली. त्यांचा काळ इ.स.पू. १६५० ते १२५० यांमधला. त्याच वर्षी युरोप व उत्तर आफ्रिकेतील ‘प्राचीन’ म्हणवल्या गेलेल्या हाडांचे थेट कार्बन-कालमापन झाले, तेव्हा बहुतेक हाडे मानली होती त्यापेक्षा बरीच अलीकडची निघाली. युरोपात कोंबडी इ.स.पू. ८०० च्या सुमारास पोहोचली.

रानकोंबडा माणसाजवळ आला तो धान्यामुळे, हे या संशोधनातले सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे. बांबूच्या रानात जमीन उकरून बिया टिपणाऱ्या या पक्ष्याला पावसावरच्या भाताची व भरडधान्याची शेते आणि कोठारांभोवतीचा सांडलेला दाणा आयता मिळाला. त्या भागात भरडधान्य आणि कोंबडी जवळपास एकाच काळात दिसू लागतात. युरोपात सुरुवातीची कित्येक शतके कोंबडी खाल्ली जात नसावी. पुरलेले अखंड सांगाडे सापडतात, त्यांवर सुरीच्या खुणा नाहीत. मांस-अंड्यांसाठी कोंबडी हा विचार नंतरचा.

जनुकांतला इतिहास

धूसर रानकोंबड्याचे महत्त्व इथे आहे. तांबड्या रानकोंबड्याची कातडी पांढरट आणि पाय राखट असतात. जगभरच्या कित्येक पाळीव जातींची कातडी व पाय मात्र पिवळे. स्वीडनमधील उप्सला विद्यापीठाच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की हा पिवळेपणा देणारे जनुकरूप धूसर रानकोंबड्याकडून आले आहे. खाद्यातून आलेले कॅरोटिनॉइड हे पिवळे रंगद्रव्य तोडणारे एक विकर (एन्झाइम) असते. या रूपात ते कातडीत कमी तयार होते, म्हणून रंग साठून राहतो. धूसराचा संकर विचारात घेऊन डार्विनने बाजूला ठेवला होता. म्हणजे मुख्य पूर्वजाबाबत तो बरोबर होता, पण दक्षिण आशियात कधीतरी झालेल्या एका संकराची खूण आज पिवळ्या पायांच्या रूपाने साऱ्या जगातल्या फार्मांवर आहे.

कडकनाथचा काळा रंगही असाच बोलका. झाबुआ-अलिराजपूर भागात भिल्ल-भिलाला कुटुंबांनी सांभाळलेल्या या कोंबडीचे पीस, कातडी, मांस, हाडांवरचे आवरणदेखील काळे असते. विसाव्या गुणसूत्रावर एका तुकड्याची उलटसुलट दुप्पट झाली आणि रंगपेशी वाढवणारे ईडीएन-३ हे जनुक जास्त काम करू लागले. नेमका हाच बदल चीनची सिल्की, इंडोनेशियाची अयाम चेमानी आणि स्वीडनची काळी कोंबडी यांच्यात आहे. बदल एकदाच घडला आणि कोंबड्यांबरोबर समुद्रापार गेला.

माणसाळण्याची खूण म्हणून टीएसएचआर या जनुकाच्या एका रूपाकडे बराच काळ पाहिले गेले, कारण आजच्या जवळजवळ प्रत्येक पाळीव कोंबडीत ते असते. प्राचीन हाडांतून डीएनए काढल्यावर कळले की युरोपात हे रूप पसरले ते अवघ्या हजारएक वर्षांपूर्वी. तेव्हा ख्रिस्ती उपवासांत चार पायांच्या जनावराचे मांस वर्ज्य होते, म्हणून कोंबडी व अंड्यांना मागणी वाढली, असा एक अर्थ लावला जातो. माणसाळणे ही एका क्षणाची घटना धरली की अशी फसगत होते.

फार्मवरची निवड

ब्रॉयलरच्या नरबाजूला इंग्लंडच्या कॉर्निश जातीचे रक्त आहे, आणि कॉर्निश तयार झाली भारतातून नेलेल्या असील या झुंजीच्या कोंबड्यांच्या संकरातून. रुंद छाती तिथूनच आली. निवडीचा वेग किती, हे एका कॅनेडियन प्रयोगात दिसते : १९५७ मधील कुळ जपून ठेवलेले होते. ते आणि २००५ चे कुळ एकाच खाद्यावर वाढवले. ५६ दिवसांचे होताना पहिल्याचे वजन ९०५ ग्रॅम भरले, दुसऱ्याचे ४,२०२ ग्रॅम.

अंड्यांच्या बाजूला व्हाइट लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. रानकोंबडी एका वेळी चार-सहा अंडी घालून खुडूक होते. खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते, म्हणून लेगहॉर्नमध्ये तो गुण पिढ्यान्‌पिढ्या गाळला गेला. स्वतःची पिल्ले उबवणे हे या पक्ष्याला आता येत नाही. गावरान कोंबडीत, विशेषतः असीलमध्ये, हा गुण ठळक आहे. म्हणून बदकाची अंडीसुद्धा तिच्याखाली ठेवतात.

निवड करताना नको असलेल्या गुणांबरोबर इतर बरेच काही गळते. २००८ मध्ये व्यावसायिक कुळांची तुलना जगभरच्या कोंबड्यांशी केली, तेव्हा मूळ विविधतेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त एकेका कुळातून नाहीशी झालेली आढळली. हानी बरीचशी जुनी होती : औद्योगिक पैदास सुरू झाली तेव्हाच मोजक्या जाती घेतल्या गेल्या होत्या. याचा धोका रोगांत दिसतो. प्रतिकारशक्तीशी संबंधित बी-संकुलाची अनेक रूपे आहेत आणि त्यांतले बी-२१ हे मॅरेक या विषाणूजन्य रोगाला चांगले तोंड देते. ज्या कळपात अशा रूपांची निवडच उरली नाही, तिथे नव्या विषाणूसाठी पैदासकाराच्या हाती काही नसते.

भारतातील जाती व जतन

असील, कडकनाथ, निकोबारी, अंकलेश्वर, मिरी, तेलीचेरी या नोंदणीकृत देशी जातींपैकी काही. बुसरा ही जात गुजरात आणि लगतच्या महाराष्ट्राची. उघड्या मानेच्या कोंबडीला पिसे कमी असल्याने उष्म्यात ती बरी तग धरते. गावरान कोंबडीला रोग होत नाही, हा समज मात्र सोडायला हवा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) साथ आली की लस न दिलेले खुराडे रिकामे होते.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा किंवा इज्जतनगरच्या संस्थेची निर्भीक अशा सुधारित कोंबड्यांनी परसातले उत्पन्न वाढले, हे खरे. पण त्यांचे कोंबडे गावात सुटले की स्थानिक जात दोन-चार पिढ्यांत मिसळून जाते. कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून मागणी वाढली. काळा रंग संकरातही बराचसा उतरतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून शुद्धता ठरवणे चुकीचे आहे.

गायीचा भ्रूण गोठवून ठेवता येतो, कोंबडीचे अंडे मोठ्या बलकामुळे येत नाही. कोंबड्याचे वीर्य गोठवता येते, पण पक्ष्यांत मादीची लिंग-गुणसूत्रे झेड व डब्ल्यू अशी वेगळी असतात, नराची दोन्ही झेड. डब्ल्यू गुणसूत्र आणि मायटोकॉन्ड्रिया वीर्यातून मिळत नाहीत. भ्रूणातील मूळ बीजपेशी गोठवणे हा मार्ग आता काही प्रयोगशाळांत वापरला जातो, परंतु तो खर्चिक आहे. तेव्हा जतनाचे मुख्य काम पाळणाऱ्यांकडेच राहते, आणि त्यांना त्याचा मोबदला मिळण्याची व्यवस्था तुटपुंजी आहे.

रानातला साठाही सुरक्षित नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या संग्रहालयातील नमुन्यांशी तुलना केली तर आजच्या तांबड्या रानकोंबड्यांत पाळीव रक्त वाढलेले दिसते, कारण जंगलाकाठच्या कोंबड्या त्यांच्यात मिसळतात. शुद्ध नराची मानेवरची सोनेरी पिसे उन्हाळ्यानंतर गळून काही काळ काळपट येतात आणि मादीला तुरा जवळजवळ नसतो. पाहणीत आधी या दोन खुणा बघतात. त्या नसतील तर संकराची शंका धरून डीएनए तपासला जातो.