मुलाची उंची कधी ठरते?

“आई-बाप दोघंही बुटके, मग पोर कुठून उंच होणार?” हे वाक्य ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या दवाखान्यात जितकं ऐकू येतं तितकंच शहापूर-मुरबाडच्या अंगणवाडीतही. दहा वर्षांच्या मुलाला ते बरंचसं लागू पडतं, नवजात बाळाला फारच थोडं. हा फरक कळायला विज्ञानाला शंभरेक वर्षं लागली, आणि व्यवहारात तो अजून पुरता उतरलेला नाही.

सुरुवात आनुवंशिकतेपासून झाली. 1886 मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी 205 कुटुंबांतल्या 928 प्रौढ मुलामुलींच्या उंचीची आई-बापांशी तुलना केली. स्त्रियांच्या उंचीला त्यांनी 1.08 ने गुणलं, म्हणजे स्त्री-पुरुष एका मापात आले. फार उंच पालकांची मुलं उंच निघतात, पण पालकांपेक्षा सरासरीच्या जवळ असतात, हे त्यातून दिसलं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलची वाटाण्याची झाडं उंच किंवा ठेंगणी एवढीच होती. माणसांत तर मधल्या सगळ्या पायऱ्या दिसतात. हा तिढा रोनाल्ड फिशर यांनी 1918 मध्ये सोडवला: असंख्य जनुकं थोडाथोडा परिणाम करतात आणि त्यांची बेरीज म्हणजे उंची. 2022 मध्ये सुमारे 54 लाख लोकांच्या अभ्यासात अशी बारा हजारांवर जनुकीय ठिकाणं सापडली. युरोपीय वंशाच्या लोकांतला उंचीचा साधारण 40 टक्के फरक त्यांनी उलगडतो. इतर वंशांत बराच कमी. म्हणून आपल्याकडे मुलाची उंची सांगणाऱ्या जनुकीय चाचणीवर पैसे घालू नयेत, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

त्यापेक्षा जेम्स टॅनर यांचं साधं गणित उपयोगाचं. आई आणि वडिलांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर 13 सेंटिमीटर मिळवायचे, मुलगी असेल तर वजा करायचे, आणि दोनने भागायचं. वडील 168, आई 152 असेल तर मुलाची अपेक्षित उंची 166.5, मुलीची 153.5, दोन्हींत साडेआठ सेंटिमीटर इकडे-तिकडे धरायचे. इथे दोन चुका होतात. पहिली साधी: वडिलांची उंची तोंडी विचारून लिहिली जाते आणि ती बहुधा फुगवलेली असते. दुसरी गंभीर: आईच स्वतः लहानपणी कुपोषित राहिली असेल तर तिची 145 सेंटिमीटर उंची तिच्या जनुकांची नव्हेच. ती गणितात घातली की अपेक्षाच खाली येते आणि खुजं मूल “घराण्याची उंचीच एवढी” म्हणून सुटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुजी, म्हणजे वयाच्या मानाने फार कमी उंचीची, निघाली. एवढ्या मुलांचा दोष जनुकांवर घालता येत नाही.

गर्भाशयाचा वाटा वेगळा काढून दाखवला तो घोड्यांनी. 1938 मध्ये केंब्रिजला वॉल्टन आणि हॅमंड यांनी अवाढव्य शायर घोडे आणि छोटे शेटलंड तट्टू यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. शिंगरांना दोन्ही जातींची जनुकं जवळपास निम्मी-निम्मी मिळाली होती, तरी जन्मतःचा आकार आईच्या जातीबरहुकूम निघाला. माणसांतही जन्माचं माप वडिलांपेक्षा आईच्या शरीराचं, तिच्या पोषणाचं आणि वारेचं (प्लासेंटाचं) जास्त सांगतं.

गर्भात वाढीच्या संप्रेरकाला, म्हणजे ग्रोथ हार्मोनला, फारसं काम नसतं. तिथली वाढ इन्सुलिन आणि त्याच्यासारखे वाढघटक चालवतात. म्हणूनच आईची साखर ताब्यात नसली की बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि थोराड जन्मतं. उलट, वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या पहिल्या पाच महिन्यांत नीट रुंदावल्या नाहीत तर रक्तपुरवठा कमी पडतो. आईचा रक्तदाब चढतो, बाळ वाढत नाही. वेळही महत्त्वाची. लांबी सर्वांत वेगाने वाढते विसाव्या आठवड्याच्या सुमारास, वजन तेहतिसाव्या-चौतिसाव्याच्या. कमतरता लवकर सुरू झाली तर बाळ डोक्यासकट सगळंच लहान. उशिरा झाली तर डोकं नेहमीएवढं, पोट रोडावलेलं.

याचे परिणाम बालपणापलीकडे जातात हे डेव्हिड बार्कर यांनी 1989 मध्ये मांडलं. इंग्लंडच्या हर्टफर्डशरमध्ये 1911 पासून परिचारिकांनी बाळांची वजनं वहीत टिपून ठेवली होती. कमी वजनाने जन्मलेले पुरुष पुढे हृदयविकाराने जास्त मेले, असं त्या नोंदींतून निघालं. आपल्याकडे 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. आपली बाळं स्नायूंनी बारीक होती, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढच्या मधुमेहाची तयारी इथूनच होते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 ते 2012 या काळात गरोदरपणाआधीपासून स्त्रियांना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज देऊन पाहिला. ज्यांनी किमान तीन महिने आधीपासून खाल्ला त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 48 ग्रॅमनी वाढलं. अगदी बारीक आयांना मात्र फायदा दिसला नाही. मुलगी किशोरवयात कशी वाढली, इथपर्यंत हा धागा मागे जातो.

आणि नागपूर. आठ देशांतल्या एका अभ्यासात नागपूरच्या सुस्थितीतल्या, निरोगी आयाही होत्या. 2014 मध्ये निष्कर्ष आले: आई सुदृढ आणि सुपोषित असेल तर गर्भाची वाढ सगळीकडे जवळपास सारखीच. “आपली बाळं लहानच असतात” या समजाला याहून चांगलं उत्तर नाही.

ठाणे जिल्ह्याने हा इतिहास कडू बाजूने पाहिला आहे. पालघर वेगळा होण्याआधी, म्हणजे 1 ऑगस्ट 2014 पूर्वी, जव्हार-मोखाडा याच जिल्ह्यात होते. 1992-93 मध्ये जव्हारमधल्या वावर-वांगणी गावांतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं तेव्हा लक्ष गेलं ते आजारी मुलांकडे. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना आली 2015 मध्ये. ती चांगलीच आहे, पण गरोदरपणाची नोंद झाल्यावर सुरू होते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून जाणाऱ्या कातकरी कुटुंबांत ही नोंदच कित्येकदा उशिरा होते. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातली सोनोग्राफी हुकली, पाळीची तारीख आठवत नसली, की गर्भाचं वय नक्की राहत नाही. मग बाळ लहान आहे की दिवस कमी आहेत, हे आठव्या महिन्यात सांगता येत नाही. तेव्हाच्या सोनोग्राफीतलं वजनही 10-15 टक्क्यांनी चुकू शकतं.

जनुकं आपला हक्क सांगतात ते जन्मानंतर. पहिल्या वर्षात बाळ सुमारे 25 सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात 12 च्या आसपास. या दोन वर्षांत ते वाढीच्या आलेखाच्या रेषा ओलांडून वर-खाली सरकतं आणि स्वतःच्या वाटेवर स्थिरावतं. लहान जन्मलेल्यांपैकी बहुतेक या काळात भरून काढतात. दहातलं एखादं मागे राहतं, त्याला तज्ज्ञाकडे पाठवावं. दोन वर्षांनंतर मात्र वयात येण्याआधी रेषा सोडून खाली जाणारं मूल आनुवंशिक म्हणून सोडू नये. थायरॉईड, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणून ओळखला जाणारा सीलिअ‍ॅक आजार, मुलीत टर्नर सिंड्रोम (एक X गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं), ग्रोथ हार्मोनची कमतरता, हे तपासावं.

हे सगळं टेकतं मापावर. दोन वर्षांखालचं मूल आडवं, लांबीमापक फळीवर, दोघांनी मोजायचं: एकाने डोकं वरच्या पट्टीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ दाबून पायपट्टी टाचांना लावायची. एकट्याने मोजलं की गुडघे वाकतात आणि एखाद-दोन सेंटिमीटर सहज कमी येतात. दोन वर्षांनंतर उभं मोजायचं. उभ्याचं माप आडव्यापेक्षा सुमारे 0.7 सेंटिमीटर कमी भरतं, त्यामुळे कार्डावर कुठलं माप कसं घेतलं ते लिहिलेलं असावं. नाहीतर ठीक वाढणारं मूलही रेषेखाली घसरलेलं दिसतं.