नावाड्यांचा खेळ कॉलेजांनी कसा उचलला : कॉलेज रोइंगची पार्श्वभूमी

हा खेळ मुळात विद्यार्थ्यांचा नव्हताच, सुरुवात इथूनच करावी लागते. लांबलचक निमुळती बोट, आठ जण एकेक वल्हं घेऊन बसलेले, आठांचीही पाठ जायच्या दिशेला आणि एकटा कॉक्स तेवढा समोर बघत सुकाणू धरून ओरडतोय, हे चित्र आज कॉलेजच्या नावाशी इतकं चिकटलंय की यामागे पोटासाठी वल्हवणारी माणसं होती हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. पण लंडनमध्ये थेम्सवर पूल कमी होते तेव्हा नदी ओलांडायची किंवा नदीतून कुठं जायचं तर नावाडी करायला लागायचा, आजच्या टॅक्सीवाल्यांसारखे हे लोक, उमेदवारी करून परवाना मिळवलेले, आणि यांच्यातल्या पैजा म्हणजेच रोइंगच्या शर्यती. १७१५ मध्ये थॉमस डॉगेट नावाच्या नटाने राजा पहिला जॉर्ज गादीवर आला त्याची आठवण म्हणून उमेदवारी संपवलेल्या तरुण नावाड्यांसाठी शर्यत लावली, लंडन ब्रिज ते चेल्सी, बक्षीस काय तर एक कोट आणि चांदीचा बिल्ला. ती शर्यत अजूनही होते. म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पहिल्या लढतीच्या शंभरएक वर्षं आधीपासून.

कॉलेजमध्ये हे आलं ते थोडं शाळांमधून (ईटन आणि वेस्टमिन्स्टरची पोरं थेम्सवर वल्हवायचीच) आणि थोडं निव्वळ मजा म्हणून. ऑक्सफर्डची पोरं बोटीने खालच्या अंगाला जायची, नदीकाठच्या खानावळीत जेवायची आणि येताना साहजिकच कोण आधी पोचतो यावरून जुंपायची. १८१५ मध्ये ब्रेझनोज आणि जीझस या दोन कॉलेजांच्या आठ वल्ह्यांच्या बोटी भिडल्या, ही पहिली नोंद. पण अडचण अशी होती की नदी अरुंद, दोन बोटी शेजारीशेजारी पळवायला जागाच नाही. मग काय करायचे, तर सगळ्या बोटी आयफ्ली लॉकमध्ये (नदीवर बोटी वरखाली करायला बांधलेला दरवाजांचा हौद) एकामागोमाग उभ्या करायच्या, लॉकचा दरवाजा उघडला की पहिल्या बोटीचा स्ट्रोक, म्हणजे ज्याच्या तालावर बाकीचे मारतात तो, हातात काठी घेऊन बोटीच्या पुढच्या टोकाला उभा राहायचा, काठीने रेटत रेटत बाकांवरून मागे पळत यायचा, बोट लॉकच्या बाहेर आली की स्वतःच्या जागेवर बसून वल्हं मारायला लागायचा, आणि मागची बोट तेच करत त्याच्या मागे. आता मागच्याने पुढच्याला गाठायचं कसं ठरवणार? धडक मारून.

यातूनच बम्प्स, म्हणजे धडकेच्या शर्यती, आल्या, आणि माझ्या मते कॉलेज रोइंगमधली सगळ्यात अस्सल शर्यत हीच आहे, बाकी सगळं नंतरचं. केंब्रिजलाही कॅम नदी तशीच चिंचोळी, तिथे १८२७ पासून हे सुरू आहे. बोटी एका रांगेत, दोघींमध्ये साधारण दीड बोटीचं अंतर, तोफ उडाली की सगळ्या एकदम सुटतात आणि आपल्याला मागून कुणी धडकायच्या आत आपण पुढच्याला धडकायचं. धडकलात तर दुसऱ्या दिवशी त्यांची जागा तुमची. हे चार दिवस चालतं, आणि खरी गंमत म्हणजे पुढच्या वर्षी रांग तिथूनच सुरू होते जिथे यंदा संपली. त्यामुळे तीन-चार वर्षं शिकायला आलेला पोरगा दहा-वीस वर्षांपूर्वीच्या पोरांनी मिळवलेली किंवा घालवलेली जागा राखायला वल्हवत असतो, आणि तळातल्या कॉलेजला वर यायचं तर एका पिढीत ते जमतच नाही. चारही दिवस धडक मारली तर क्रूला आपलं वल्हं रंगवून घेता येतं, चारही दिवस मार खाल्ला तर ‘स्पून’ मिळाले म्हणून टिंगल. केंब्रिजच्या मे बम्प्स जूनमध्ये होतात, का ते विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. हे सगळं खेळीमेळीचं वाटतं पण १८८८ मध्ये केंब्रिजला मागच्या बोटीचं टोक अंगात घुसून एक विद्यार्थी मेला आणि त्यानंतर बोटीच्या टोकाला रबरी चेंडू लावणं आलं. आज जगातल्या कुठल्याही शर्यतीत बोटीच्या नाकावर तो छोटा पांढरा गोळा दिसतो ना, तो तेव्हापासूनचा.

दोन विद्यापीठांची शर्यत त्यामानाने साध्या कारणाने सुरू झाली. हॅरो शाळेतले दोन मित्र, चार्ल्स वर्ड्सवर्थ ऑक्सफर्डला गेला (कवी वर्ड्सवर्थचा पुतण्या), चार्ल्स मेरिव्हेल केंब्रिजला, आणि दोघांनी मिळून ठरवलं की एकदा होऊनच जाऊ दे. १० जून १८२९, थेम्सकाठचं हेन्ली गाव, ऑक्सफर्ड जिंकलं. पुढची शर्यत थेट १८३६ ला, १८४५ पासून पटनी ते मॉर्टलेक हा मार्ग, सुमारे ६.८ किलोमीटर, आणि १८५६ पासून महायुद्धांची वर्षं सोडली तर जवळजवळ दरवर्षी.

आता इथे नावाडी परत येतात. सुरुवातीच्या काळात विद्यार्थ्यांना शिकवायला, कुठे कुठे सुकाणू धरायलासुद्धा हे धंदेवाईक लोकच असायचे, कारण पाणी त्यांना कळायचं. पण नावाड्यांच्या शर्यती पैजेच्या, एकमेकांना आडवं जायचं, ढकलायचं, जिंकण्यासाठी काहीही, आणि कॉलेजवाल्यांना हे सभ्य गृहस्थाला न शोभणारं वाटायला लागलं. मग वाद पेटले, १८३० च्या दशकातच, की कॉक्स विद्यार्थीच हवा, शिकवणारासुद्धा आपल्यातलाच हवा. हळूहळू नावाडी बोटीतून बाहेर, मग कोचिंगमधून बाहेर. शेवटच्या रेषेवर निकाल द्यायला मात्र उरले. १८७७ मध्ये तेही गेलं. त्या वर्षी जॉन फेल्प्स या म्हाताऱ्या नावाड्याने दोन्ही बोटी बरोबरीत असा निकाल दिला, इतक्या वर्षांतली एकमेव बरोबरी, आणि ऑक्सफर्डवाले जे भडकले ते भडकलेच. तो झुडपाखाली दारू पिऊन पडला होता अशी गोष्ट पुढे पसरवली गेली, तिला पुरावा काही नाही, पण चिकटली ती चिकटलीच. त्यानंतर शेवटच्या रेषेला खांब रोवले आणि निकाल द्यायला विद्यापीठातलेच लोक आले. ज्या फेल्प्स घराण्याची अशी चेष्टा झाली त्यातल्या पोरांनी पुढे डॉगेटची शर्यत कितीदा जिंकली, ते सोडा.

आणि ज्या बोटीत बसून हे सभ्य लोक जिंकत होते ती तरी कुणाची? वल्ह्याचा टेकू बोटीच्या कडेवर न ठेवता बाहेर काढलेल्या लोखंडी चौकटीवर ठेवायचा, म्हणजे बोट अरुंद करता येते पण वल्ह्याची लांबी आणि जोर तोच राहतो, ही कल्पना वापरात रुळवली ती उत्तर इंग्लंडातल्या टाइन नदीवरच्या हॅरी क्लॅस्परने, खाणीत काम केलेला माणूस. १८४६ च्या विद्यापीठ शर्यतीत दोन्ही बोटींना तशा चौकटी होत्या. नंतरची मोठी उडी म्हणजे सरकती बैठक. आधी बाक जागेवर घट्ट, सगळा जोर पाठीचा आणि खांद्यांचा, पाय नुसते टेकायला. अमेरिकेत येलच्या क्रूने १८७० मध्ये वंगण चोपडलेल्या बैठकीवर घसरून बघितलं, आणि १८७३ ला ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांनीही सरकत्या बैठका लावल्या, केंब्रिज १९ मिनिटं ३५ सेकंदांत आलं, तेव्हाचा विक्रम. तेव्हापासून रोइंग हा पायांचा खेळ झाला, हातांचा नाही, आणि नव्या पोराला हे पटायला अजूनही वेळ लागतो.

नावाड्यांना बाहेर ठेवायचं हे नंतर कागदावरच आलं. १८८२ ला स्थापन झालेल्या इंग्लंडच्या रोइंग संघटनेने हौशी कोण याच्या व्याख्येतून कारागीर, मजूर, हाताने काम करून पोट भरणारे सगळेच वगळले, मग त्याने वल्हवून एक पैसा कमावलेला असो नसो. हेन्लीला दरवर्षी होणाऱ्या मोठ्या रोइंग स्पर्धेची भूमिका तीच. १९२० मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन केलीचा हेन्लीचा अर्ज नाकारला, एक तर तो गवंडीकाम केलेला आणि शिवाय त्याच्या क्लबचं हेन्लीशी जुनं भांडण, आणि त्याच वर्षी त्याने ऑलिम्पिकमध्ये सिंगल्सचं, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या शर्यतीचं, सोनं घेतलं, तेही हेन्ली जिंकून आलेल्या बेरेसफर्डला हरवून. (अभिनेत्री ग्रेस केलीचा हा बाप. मुलाने १९४७ ला हेन्ली जिंकून उट्टं काढलं.) १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ऑलिम्पिक क्रूलाही नकार, कारण काय तर ते पोलीस. एवढं हसं झाल्यावर १९३७ ला नियम बदलला.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वळणाने गेली, सुरुवातच जाहिरातीपासून. न्यू हॅम्पशायरच्या विनिपसॉकी तलावापर्यंत नवी रेल्वे गेली होती, प्रवासी हवे होते, तर रेल्वे कंपनीच्या माणसाने हार्वर्ड आणि येलच्या पोरांना सांगितलं की खर्च आमचा, तुम्ही फक्त या आणि शर्यत लावा. ३ ऑगस्ट १८५२, हार्वर्ड जिंकलं, आणि अमेरिकेतल्या दोन कॉलेजांमधला कुठल्याही खेळातला हा पहिलाच सामना. फुटबॉल-बिटबॉल सगळं नंतर. पुढचा सामना १८५५ ला, तेव्हा हार्वर्डच्या कॉक्सचं शिक्षण संपलेलं होतं म्हणून येलने तक्रार केली. म्हणजे दुसऱ्याच सामन्यात ‘हा विद्यार्थी आहे का’ हे भांडण हजर.

पण अमेरिकन कॉलेजांनी एक गोष्ट इंग्रजांसारखी केली नाही, धंदेवाईक लोकांना त्यांनी बोटीत बसवलं नाही तरी कोच म्हणून ठेवलं, पगार देऊन. कॉर्नेलचा चार्ल्स कोर्टनी हा पैशासाठी शर्यती केलेला, बदनामही झालेला माणूस (१८७९ ला एका मोठ्या शर्यतीच्या आदल्या रात्री त्याच्या बोटी कुणीतरी करवतीने कापल्या, त्यानेच कापून घेतल्या असंही लोक म्हणायचे), आणि त्याच्या हाताखाली कॉर्नेलने हडसन नदीवर पोकिप्सीला १८९५ पासून सुरू झालेल्या मोठ्या आंतरकॉलेज शर्यतीवर कित्येक वर्षं राज्य केलं. शिस्त अशी की शर्यतीआधी स्ट्रॉबेरीचा केक खाल्ला म्हणून त्याने पोरं क्रूमधून काढली होती. पोकिप्सीला चार मैलांची शर्यत, काठाकाठाने उघड्या डब्यांची रेल्वे बोटींबरोबर धावायची आणि लोक तिकीट काढून त्यातून बघायचे.

पश्चिमेला सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तर हायरम कोनिबेअर नावाचा कोच, ज्याला सुरुवातीला रोइंगमधलं काही म्हणजे काही येत नव्हतं. त्याने १९१२ च्या सुमाराला कॅनडातून पोकॉक बंधूंना बोट बांधायला बोलावलं. हे दोघे कोण, तर ईटनच्या बोटी बांधणाऱ्याची मुलं, आणि त्यातल्या डिकने १९१० ला डॉगेटचा कोट आणि बिल्ला जिंकलेला. म्हणजे इंग्लंडने ज्यांना दाराबाहेर उभं केलं ती थेम्सवरची विद्या अशी समुद्र ओलांडून कॉलेजच्या बोटहाऊसमध्ये शिरली. जॉर्ज पोकॉकच्या सिडर लाकडाच्या बोटी पुढे देशभरच्या कॉलेजांनी घेतल्या, आणि पोरांना वल्हवायचं कसं हेही तो बोट घासता घासता सांगायचा. १९२३ ला वॉशिंग्टन पोकिप्सीला जिंकलं, पश्चिमेच्या क्रूचा तिथला पहिला मोठा विजय. १९३६ ला वॉशिंग्टनची क्रू ऑलिम्पिक निवडही जिंकली आणि मग सांगण्यात आलं की बर्लिनला जायचे पैसे तुमचे तुम्ही उभे करा, नाहीतर दुसरं कॉलेज जाईल. ५,००० डॉलर सिअ‍ॅटलच्या लोकांनी गोळा करून दिले. बर्लिनच्या ग्रुनाउच्या पाण्यावर स्ट्रोक डॉन ह्यूम आजारी असताना ते मागून आले आणि इटलीला ०.६ सेकंदाने हरवलं, जर्मनी तिसरी, हिटलर बघायला हजर.

त्या काळात ऑलिम्पिकला अमेरिकेची आठांची बोट म्हणजे एखाद्या कॉलेजची अख्खी क्रूच असायची. १९२० ते १९५६ प्रत्येक वेळी सोनं यांचंच: नेव्ही (म्हणजे नौदलाचं कॉलेज), येल, कॅलिफोर्निया दोनदा, वॉशिंग्टन, परत कॅलिफोर्निया, परत नेव्ही, परत येल. १९६० ला जर्मनांनी वेगळी तालीम, वेगळं तंत्र आणून ही मालिका तोडली आणि मग निवडक राष्ट्रीय संघांचा जमाना आला.

दाराबाहेर अजून एक वर्ग होता, मुली. १९२७ ला ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलींची पहिली ‘शर्यत’ झाली त्यात दोन्ही बोटी एकाच वेळी पाण्यावर नव्हत्याच, आळीपाळीने आल्या आणि वेगाबरोबर शैलीलाही गुण दिले! मुलांच्याच दिवशी, त्याच मार्गावर यायला २०१५ उजाडलं. अमेरिकेत १९७२ ला टायटल नाइन कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी भेद करायचा नाही असा, पण येलच्या मुलींना बोटहाऊसवर आंघोळीची सोय नव्हती, थंडीत ओल्या कपड्यांनिशी बसमध्ये बसून मुलांची आंघोळ होईपर्यंत थांबायचं. ३ मार्च १९७६ ला कॅप्टन ख्रिस एर्न्स्टसह १९ जणी खेळ विभागाच्या ऑफिसात गेल्या, कपडे उतरवले, अंगावर ‘टायटल नाइन’ लिहिलेलं, आणि निवेदन वाचून दाखवलं. वार्ताहर बरोबर नेला होता त्यामुळे दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये. पुढे कायद्याचा हिशोब जुळवायला, फुटबॉलच्या मोठ्या संघापुढे तेवढ्या मुली दाखवायला, विद्यापीठांना रोइंग सोयीचं पडलं कारण एका क्रूत माणसं भरपूर लागतात. १९९७ पासून मुलींची एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) स्पर्धा आहे, मुलांचं रोइंग मात्र अजूनही एनसीएएच्या बाहेर, त्यांची मोठी स्पर्धा तीच १८९५ वाली, फक्त पोकिप्सी सोडून दुसरीकडे.

आणि कोण बसणार हे भांडण? ते २०२५ लाही झालं. शिक्षक व्हायचा कोर्स म्हणजे पदवी नाही, तो डिप्लोमा, असा मुद्दा ऑक्सफर्डने काढला आणि तो कोर्स करणाऱ्या केंब्रिजच्या रोअर्सना शर्यतीला बसता आलं नाही. केंब्रिजने त्यांच्याशिवाय मुलांची आणि मुलींची दोन्ही शर्यती मारल्या.