रातपाळीचा डबा आणि यकृतातलं घड्याळ

सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877 मध्ये उभी राहिली आणि शहराचं उठणं-झोपणं भोंग्यावर गेलं. पुढे गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग राहिले आणि रातपाळीही राहिली. पूर्व भागातल्या कारखान्यांत मध्यरात्र उलटल्यावर डबे उघडतात. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर कपभर चहा. एक जण जेवतो तोवर शेजारचा त्याच्याही मागांवर लक्ष ठेवतो. काय खाल्लं याची चौकशी डॉक्टर नेहमीच करत आले. केव्हा खाल्लं, याकडे शास्त्राचं नीट लक्ष जाऊन जेमतेम पंचवीस वर्षं झालीत.

शरीराला स्वतःचं घड्याळ असतं, हे त्याआधीच माहीत होतं. अंधारात ठेवलेल्या लाजाळूची पानंही रोज ठरल्या वेळी उघडतात-मिटतात, अशी नोंद 1729 ची आहे. 1971 मध्ये फळमाशीच्या जनुकात या लयीचं मूळ सापडलं. त्या जनुकाचं काम उलगडणाऱ्यांना 2017 चं नोबेल मिळालं. 1972 मध्ये दिसलं की उंदराच्या मेंदूतला एक इवलासा पेशीसमूह नष्ट केला, तर त्याच्या हालचालीची आणि पाणी पिण्याची लय मोडते. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर हा समूह असतो.

त्यातून ‘मास्टर क्लॉक’, म्हणजे मुख्य घड्याळ, हा शब्द रुजला. माझ्या मते सगळा गुंता याच शब्दाने केला. उजेड पाहून मेंदूने हुकूम सोडायचा आणि यकृत, स्वादुपिंड, चरबी यांनी तो मुकाट पाळायचा, असं चित्र त्यातून उभं राहिलं. चयापचय घड्याळाच्या मागून चालतो, घड्याळ चयापचयाकडे वळून पाहत नाही, असं गृहीत धरलं गेलं. शब्द निराधार होता असं नाही. 1990 मध्ये एका हॅमस्टरच्या मेंदूतला हा पेशीसमूह दुसऱ्यात बसवला, तेव्हा दुसऱ्याचा दिवस दात्याच्या लयीने चालू लागला. इतका ठसठशीत पुरावा असल्यावर दुसरीकडे कोण पाहणार?

पण 1998 मध्ये काचेच्या बशीत वाढवलेल्या साध्या पेशींतही तशीच लय आढळली, तीही मेंदूशिवाय. आणि 2000 मध्ये तो प्रयोग झाला, जो मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. उंदीर रात्री जागतो आणि खातो. त्याला खाणं फक्त दिवसा दिलं. काही दिवसांत यकृताचं घड्याळ उलटं फिरलं, मेंदूचं जागेवरच राहिलं. एकाच देहात दोन वेळा चालू झाल्या. यकृताला वेळ कळवणारं खाणं होतं, उजेड नव्हे. तरीही ‘मुख्य’ हा शब्द पाठ्यपुस्तकांतून हलला नाही. बाकीच्या घड्याळांना ‘परिघावरची’ म्हटलं गेलं आणि रातपाळीचा विचार झोपेपुरताच राहिला.

पुढची दहा वर्षं चयापचयाकडून घड्याळाकडे जाणारी उलटी वाट शोधण्यात गेली. पेशीत ‘एनएडी’ नावाचा रेणू असतो, अन्नातून ऊर्जा काढताना तो सतत लागतो. 2009 मध्ये दिसलं की तो बनवणारं एक विकर (एन्झाइम) घड्याळाच्या तालावर कमी-जास्त होतं, आणि एनएडीच्या जोरावर चालणारी प्रथिनं परत त्याच घड्याळाचा वेग सांभाळतात. त्याच वर्षी आणखी एक दुवा मिळाला. पेशीतली ऊर्जा घटली की जागं होणारं एक विकर घड्याळाचं एक प्रथिन मोडीत काढतं. म्हणजे पेशीची भूकही काटे फिरवते. आपला ‘चयापचय’ हा शब्द इथे फार नेमका बसतो. चय म्हणजे साठवण, अपचय म्हणजे मोड. दोन्ही एकाच वेळी जोरात चालली तर पेशीची मेहनत फुकट जाईल, म्हणून यकृतात त्यांच्या वेळा वाटलेल्या असतात. रात्री यकृत साठवलेली साखर सोडतं, आणि नेमकी तेव्हाच वरून भाकरी येते.

मग वेळ पाळून खाण्याची लाट आली. 2012 मध्ये उंदरांना तेच चरबीयुक्त खाणं आठ तासांच्या आतच दिलं, तर तेवढेच उष्मांक पोटात जाऊनही ते कमी लठ्ठ झाले. माणसांत गोष्ट इतकी सरळ निघाली नाही. चीनमध्ये 139 लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर चाललेली चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांचे उष्मांक कमी केले होते, त्यांतल्या काहींनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खाल्लं. बाकीच्यांच्या तुलनेत त्यांच्या वजनात म्हणण्याजोगा फरक पडला नाही.

‘संध्याकाळी सातच्या आत जेवा’ हा सल्ला तरीही सर्रास दिला जातो. माझ्या वडिलांना एका डॉक्टरांनी तो दिला, तेव्हा ते सात वाजता डबा घेऊन कामावर निघत होते. पाळी कोणती, हे त्यांना विचारलंच गेलं नाही. रातपाळीवाल्यांच्या उपयोगाचा प्रयोग 2021 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत 19 निरोगी तरुणांना रातपाळीसारखं जागवलं. ज्यांनी रात्रीही खाल्लं त्यांची रक्तातली साखर सरासरी 6.4 टक्के वाढली. ज्यांना फक्त दिवसा खायला दिलं त्यांची वाढली नाही. त्या तरुणांना रात्रभर मागांवर उभं राहायचं नव्हतं. उपाशीपोटी ती पाळी कशी काढायची, हे अजून कोणी मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही.